उंच केलेली जीप आणि स्वतःच वळणारे स्टीअरिंग

कापडाच्या व्यापाऱ्याने गाडीच्या स्टीअरिंगवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या तिजारतीचा निम्मा जीव गाडीत असतो. इचलकरंजीचे तागे कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा या वाटेने रत्नागिरीत उतरतात आणि तेथून पुढे सड्यावरच्या व खाडीकाठच्या गावांना बहुधा जीपनेच जातात. शिवाय आमचे कितीतरी बांधव गॅरेज चालवतात. कोणी पाटे बसवतो, कोणी लेथवर असतो, कोणी वेल्डिंग करतो. गेल्या काही वर्षांत या सर्वांकडे एक नवीन काम येऊ लागले आहे, ते म्हणजे "जीप उंच करून द्या". काम चांगले आहे, पैसाही बरा मिळतो. पण उंच केलेली जीप खड्ड्यात गेली की स्टीअरिंग आपोआप एका बाजूला ओढते, अशी तक्रार घेऊन तेच गिऱ्हाईक परत येते. या दोषाला बंप स्टीअर म्हणतात. म्हणजे चालकाने स्टीअरिंगचे चक्र फिरवलेले नसते, तरी चाक वर-खाली झाल्यामुळे गाडीची दिशा बदलते. सपाट रस्त्यावर ही गोष्ट फक्त त्रासाची असते. घाटाच्या वळणावर, एका बाजूला दरी आणि समोरून एस.टी. येत असताना मात्र ती जिवावर बेतू शकते.

हा दोष कोणत्या गाड्यांत येतो ते आधी पाहू. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्ये एकच अखंड एक्सल असतो त्या गाड्यांबद्दल आम्ही बोलत आहोत. आपल्याकडे हे घराणे विलीज जीपपासून सुरू होते. १९४५ साली "महिंद्रा अँड मोहम्मद" या नावाने स्थापन झालेल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तेथे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. पुढे महिंद्राच्या बहुतेक फोर व्हील ड्राइव्ह जीप आणि १९८५ साली आलेली मारुती जिप्सी या सर्वांना पुढेही अखंड एक्सल आणि पाटेच होते. यातील बहुतेक गाड्या आता बनत नाहीत, पण कोकणात त्या अजून धावतात. जुनी जीप दुरुस्त करून, उंच करून वापरण्याची हौस तर वाढलीच आहे. माल वाहणाऱ्या टाटा ४०७ लाही पुढे अखंड एक्सल व पाटेच असतात. नव्या गाड्यांपैकी २०२० ची थार आणि २०२१ ची फोर्स गुरखा यांची पुढची दोन चाके स्वतंत्र झाली आहेत. त्यांचा हिशेब वेगळा आहे, तो येथे लागू करू नये. २०२३ ची सुझुकी जिम्नी आणि २०२१ पासून पुण्याजवळ रांजणगावला जुळणी होणारी रँग्लर यांना मात्र अखंड एक्सलच आहे. त्यात पाट्यांऐवजी गोल स्प्रिंगा आहेत, एवढाच फरक.

आता मूळ गोष्ट. एक्सलच्या दोन टोकांना दोन चाके असतात आणि त्यांना आपसात जोडणारा दांडा म्हणजे टाय रॉड. या टाय रॉडची दोन्ही टोके एक्सलवरच असल्यामुळे एक्सल वर गेला तर तोही त्याच्याबरोबर वर जातो. त्यामुळे तेथे भांडण नाही. भांडण दुसऱ्या दांड्याचे आहे. स्टीअरिंग बॉक्स चासीवर बसवलेला असतो. त्यातून खाली येणारा ड्रॉप आर्म (काही मिस्त्री त्याला पिटमन म्हणतात) आणि चाकाकडचा आर्म यांना जोडणारा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. याचे एक टोक चासीकडे आणि दुसरे एक्सलकडे असते. चासी जागेवर आहे, एक्सल मात्र खड्ड्यागणिक वर-खाली नाचतो आहे. दोन घरांशी नाते ठेवणाऱ्या माणसाची जी ओढाताण होते, तीच या दांड्याची होते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर शिंपी बांधवांना विचारा. गळ्याचा गोल काढताना पट्टीचे एक टोक दाबून ठेवतात आणि दुसऱ्या टोकाला खडू धरून फिरवतात. ड्रॅग लिंक अगदी तसाच फिरतो. ड्रॉप आर्मचे टोक म्हणजे दाबून ठेवलेले बोट आणि एक्सलकडचे टोक म्हणजे खडू. पट्टी आडवी असताना खडू थोडा वर-खाली केला तर रेघ जवळजवळ सरळ उभी येते. तीच पट्टी तिरकी धरून खडू तेवढाच हलवा, रेघ एका बाजूला झुकत जाते. पाटे मात्र एक्सलला आडवे सरकू देत नाहीत, तो जवळपास सरळ वर-खाली जातो. गोल आणि सरळ या दोन वाटांत जेवढे अंतर पडते, तेवढा चाकाचा आर्म ढकलला किंवा ओढला जातो आणि दोन्ही चाके एकाच दिशेला वळतात.

हिशेब मांडूनच पाहू, कारण हिशेबाशिवाय व्यापाऱ्याचे समाधान होत नाही. ड्रॅग लिंक आमच्या एका गजाएवढा, म्हणजे ३६ इंच धरा. तो अगदी आडवा असेल आणि एक्सल ३ इंच वर गेला तर बाजूचा फरक १ सूत पडतो, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. आता जीप उंच केली आणि ड्रॅग लिंकचे एक टोक दुसऱ्यापेक्षा ६ इंच खाली आले असे समजा. एक्सल तेवढाच ३ इंच वर गेला तर फरक ३ सूत होतो. एक्सल ३ इंच खाली लोंबला, जसे खड्ड्यात चाक उतरताना होते, तर ५ सूत. म्हणजे खड्ड्यात उतरून उसळी घेईपर्यंत दांडा एकूण इंचभर इकडून तिकडे खेळला. चाकाकडचा आर्म ६ इंचांचा असेल तर ३ सुतांनी चाक साडेतीन अंशांहून थोडे अधिक वळते. स्टीअरिंगचे प्रमाण सोळास एक असेल तर हे हातातील चक्र जवळजवळ ६० अंश फिरवण्याबरोबर आहे. चालकाच्या शेजारी बसलेल्या माणसाने मध्येच हात घालून चक्र एवढे फिरवले तर आपण त्याला गाडीतून उतरवून देऊ. येथे गाडी स्वतःच ते करते.

यातून उसूल निघतो तो एवढाच, की ड्रॅग लिंक जितका आडवा आणि जितका लांब, तितका हा दोष कमी. तोच दांडा २४ इंचांचा असता तर आडवा असूनही ३ इंचांच्या उसळीला दीड सूत फरक पडला असता. कारखान्यातून निघालेल्या गाडीत हा दांडा माल भरल्यावर जवळपास आडवा यावा असे पाहिलेले असते. आपण ती गाडी उंच करतो तेव्हा कारखान्याने जमवलेला मेळ मोडतो. उंची वाढवायला दोन दिवस पुरतात. मेळ परत बसवायला मात्र डोके लागते, आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच काम सोडून दिले जाते.

गोल स्प्रिंगांच्या गाड्यांत प्रकार थोडा निराळा आहे आणि समजून घेण्यासारखा आहे. तेथे एक्सलला आडवे सरकण्यापासून रोखायला एक तिरपा दांडा असतो. त्याचे एक टोक चासीवर, दुसरे एक्सलवर. याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. त्यामुळे एक्सल स्वतःच गोलाईत फिरतो, सरळ वर जात नाही. मग ड्रॅग लिंक हा पॅनहार्डला समांतर आणि त्याच्याच लांबीचा ठेवला तर दोघे एकाच गोलाईत फिरतात, आणि ओढाताण जवळपास संपते. दोन भाऊ एकाच वाटेने चालले तर तंटा कशाचा? म्हणून अशा गाडीत ड्रॅग लिंक तिरका दिसला तरी घाबरू नये. तो पॅनहार्डशी समांतर आहे की नाही, एवढेच पाहावे. आणि फक्त ड्रॉप आर्म बदलून ड्रॅग लिंक आडवा करणारा मिस्त्री भेटला तर त्याला थांबवावे. पॅनहार्डचे टोक तेवढेच खाली आणले नाही, तर बऱ्या गाडीला तो दोष लावून देईल.

काही ट्रक-टेम्पोंत ड्रॅग लिंक आडवा नसून गाडीच्या लांबीच्या दिशेने जातो. तेथे पाट्यांचे कोणते टोक पिनेने पक्के आहे आणि कोणते शॅकलवर झुलते, हे महत्त्वाचे ठरते. पाट्याला उर्दूत कमानी म्हणतात, आणि कमान म्हणजे धनुष्य. धनुष्य दाबले की सपाट होऊन लांब होते, म्हणूनच एका टोकाला झुलते शॅकल द्यावे लागते. परिणामी एक्सल पक्क्या टोकाभोवती गोलाईत फिरतो, म्हणजे थोडा पुढे-मागेही सरकतो. ड्रॉप आर्मचे टोक पाट्याच्या पक्क्या टोकाजवळ असेल तर दोन्ही गोलाया जुळतात. दूर, विरुद्ध बाजूला असेल तर चाक दर खड्ड्याला वळेल. शॅकल पुढचे मागे नेण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी हा मुद्दा ध्यानात घेऊनच पाट्यांना हात लावावा.

दोष हाच आहे याची खात्री कशी करावी

गिऱ्हाईक "स्टीअरिंग पळते" एवढेच सांगते. त्यात चार वेगळे आजार असू शकतात. सपाट रस्त्यावरही गाडी एका बाजूला जात असेल तर टायरची हवा, अडकलेला ब्रेक किंवा सरकलेला एक्सल पाहावा. वेगात चाके थरथर कापत असतील तर किंगपिन, बेअरिंग आणि टायरचे बॅलन्सिंग तपासावे. वळणानंतर चक्र आपोआप सरळ येत नसेल तर तो किंगपिनच्या कलाचा दोष आहे. पुढच्या टोकाला शॅकल असलेल्या जीपमध्ये लांब शॅकल लावले की किंगपिनचा मागचा कल कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भरकटते. त्यावर पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये योग्य बाजूने पाचर घालणे हा इलाज आहे. आणि जुन्या विलीज घराण्याच्या जीपमध्ये मध्ये एक बेल क्रँक असतो. त्याचे बुश झिजले की स्टीअरिंगमध्ये एवढा खेळ येतो की बाकी काही कळतच नाही.

बंप स्टीअरची खूण अशी, की ओढ फक्त चाक वर-खाली होताना येते आणि दर वेळी ठरावीक बाजूलाच येते. मोजायची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागेवर, माल न भरता उभी करावी आणि मागच्या चाकांना दगड लावावेत. पुढच्या प्रत्येक चाकाखाली ग्रीस लावून एकावर एक ठेवलेले दोन पत्रे सरकवावेत, म्हणजे चाक मोकळेपणी वळेल. चाके सरळ करून स्टीअरिंगचे चक्र एका माणसाने घट्ट धरावे. मागच्या चाकाला दोरा बांधून तो पुढच्या चाकाच्या बाजूने ताणावा. दोऱ्यापासून टायरच्या पुढच्या कडेपर्यंत आणि मागच्या कडेपर्यंत किती अंतर आहे ते लिहून घ्यावे. मग जॅकने चासी ३ इंच उचलावी. चाके पत्र्यावरच राहिली पाहिजेत, फक्त पाटे सैल व्हायला हवेत. पुन्हा दोन्ही मापे घ्यावीत. वर सांगितलेल्या गजभर दांड्याच्या जीपला २८ इंची टायर असेल, तर दांडा आडवा असताना पुढच्या व मागच्या कडेतील फरक अर्ध्या इंचाच्या आसपास बदलतो. दांडा ६ इंच तिरका असेल तर तोच बदल जवळपास ३ इंचांचा येतो. हा कागद गिऱ्हाइकाला दाखवावा. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजून दुसरा कागद द्यावा. मापाने बोलणाऱ्या कारागिराशी गिऱ्हाईक भावावर फारशी घासाघीस करत नाही, हा आमचा कापडातला अनुभव आहे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली मात्र कोणी शिरू नये, आधी घोड्या लावाव्यात.

इलाज आणि त्यांचा क्रम

सर्वांत आधी खेळ काढावा. टाय रॉडची टोके, ड्रॅग लिंकची टोके, किंगपिन, पाट्यांचे बुश, शॅकलच्या पिना, यू बोल्ट, आणि स्टीअरिंग बॉक्स चासीला जोडणारे बोल्ट हे सर्व तपासावे. बॉक्सच्या बोल्टांजवळ चासीला बारीक चीर गेलेली असते, ती रंगाखाली दिसत नाही. कोकणातल्या पावसाने आणि खाऱ्या हवेने तेथे गंज लवकर लागतो. त्यानंतर पाटे पाहावेत. एका बाजूचे पाटे बसले असतील तर गाडी तिरकी उभी राहते आणि दोन्हीकडचे हिशेब वेगळे होतात.

मग दांड्याचा तिरकेपणा. एक मार्ग म्हणजे अधिक खाली येणारा ड्रॉप आर्म लावणे. वरच्याच उदाहरणात आर्म ४ इंच खाली आणला तर वर जाताना पडणारा ३ सुतांचा फरक सुताच्या एका तृतीयांशावर येतो, आणि खाली लोंबतानाचा ५ सुतांचा फरक सव्वादोनवर. मोठा फायदा आहे. पण लांब आर्ममुळे स्टीअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर जोरही वाढतो, हे लक्षात असू द्यावे. दुसरा मार्ग एक्सलकडचे टोक वर उचलण्याचा. त्यासाठी वर बसणारा वेगळा आर्म लावतात, किंवा दांड्याचे टोक आर्मच्या वरून बसवतात. यात बॉक्सवर जादा जोर येत नाही, म्हणून जमत असेल तर आम्ही हाच पसंत करू. परंतु या टोकाची पिन निमुळती असते आणि आर्ममधील छिद्रही तसेच निमुळते. टोक वरून बसवायचे तर छिद्राचा निमुळतेपणा उलटा हवा. तो योग्य रीमरने आणि योग्य स्लीव्ह घालूनच होतो. ड्रिलने छिद्र मोठे करून, नट आवळून "बसले" म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे.

तसेच ड्रॉप आर्म किंवा चाकाचा आर्म भात्यावर तापवून वाकवू नये, त्याला वेल्डिंगही मारू नये. हे तुकडे घडीव आणि पाणी दिलेल्या पोलादाचे असतात. तापवले की पाणी उतरते, वेल्डिंगच्या कडेला ते ठिसूळ होतात आणि पुढे कधी मोडतील याचा नेम नाही. हातात कितीही हुनर असला तरी येथे तयार भागच वापरावा.

दोन नकली इलाज मात्र फार चालतात. पहिला, जीप उंच केल्यावर चक्र वाकडे दिसते, म्हणून ड्रॅग लिंकची लांबी फिरवून ते सरळ करून देणे. चक्र सरळ दिसलेच पाहिजे, पण दांडा तिरका तो तिरकाच राहतो, आणि पहिल्याच खड्ड्यात ते कळते. दुसरा, स्टीअरिंग डँपर. हा आडवा शॉक ॲब्सॉर्बर झटका हातापर्यंत येऊ देत नाही. चाक वळायचे ते वळतेच, फक्त चालकाला ते उशिरा समजते. सर्व दुरुस्ती झाल्यावर डँपर लावण्यास हरकत नाही. दुरुस्तीऐवजी लावला तर तो तापावर अत्तर लावण्याचा प्रकार आहे.

मागच्या एक्सललाही स्टीअरिंग नसताना वळण्याची सवय असते. माल एका बाजूला जास्त भरला की एका बाजूचे पाटे दबतात, ते टोक मागे किंवा पुढे सरकते आणि सगळा एक्सल किंचित तिरपा होतो. गाठी भरताना दोन्ही बाजू समान ठेवणे आणि वजन पुढच्या बाजूला घेणे एवढे आपल्या हाती आहे. ताग्यांच्या टपावर माणसे बसवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

किती उंच करावी, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारतेच. कातळावरून आणि वहाळातून जाणाऱ्या गाडीला थोडी जास्त उंची लागते, हे खरे. पण चांगले पाटे आणि योग्य टायर यांनीच बहुतेकांचे काम भागते. शहरात मिरवायला उंची वाढवणाऱ्याने स्टीअरिंगचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. तो धरायचा नसेल तर उंची वाढवूच नये. कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम तेथेच बोट ठेवील. म्हणून काम घेण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारणा करून घ्यावी, आणि मालकाला तोंडी न सांगता बिलावर लिहून द्यावे.

काम झाल्यावर गाडी रिकामी फिरवून मालकाच्या ताब्यात देण्याची पद्धत आहे. ती अपुरी आहे. नेहमीचा माल भरून प्रथम सपाट रस्त्यावर, मग उखडलेल्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने न्यावी, आणि घाट शेवटी. परत आल्यावर प्रत्येक टोकाचा कॅसल नट आणि त्यातील स्प्लिट पिन हाताने चाचपून पाहावी. पिन जुनी पुन्हा वापरू नये, नवीन काही रुपयांतच मिळते.